नेट चालू, पण साईट उघडत नाही किंवा मेल परत येतो: आधी डीएनएसचा कोड बघा, मग मोडेमला हात लावा

सोलापुरात नेटवर्क आणि ऑफिसच्या मेलची कामं करतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीतले टॉवेलवाले, चाटी गल्लीतली दुकानं, जुळे सोलापुरात घरून काम करणारे, सगळ्यांकडून हीच तक्रार फिरून फिरून येते म्हणून एकदा नीट लिहून ठेवतोय. डीएनएस म्हणजे साईटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधून देणारी यंत्रणा. आधी लक्षणं.

व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज जातायत पण ब्राउझरमध्ये एक ठराविक साईट उघडत नाही, क्रोम म्हणतं धिस साईट कान्ट बी रीच्ड आणि खाली बारीक अक्षरात डीएनएस प्रोब फिनिश्ड एनएक्सडोमेन. किंवा तीच साईट वायफायवर नाही आणि मोबाईल डेटावर लगेच उघडते. किंवा एका पीसीवर उघडते, शेजारच्या पीसीवर नाही. किंवा सकाळी लागते, दुपारी नाही, संध्याकाळी परत लागते. किंवा पार्टीला पाठवलेला मेल परत येतो आणि त्यात लिहिलेलं असतं की एमएक्स लुकअप रिस्पॉन्डेड विथ कोड अमुक (एमएक्स म्हणजे डोमेनचा मेल कुठल्या सर्व्हरवर जातो ते सांगणारी नोंद). किंवा नवीन सबडोमेन (मुख्य नावाच्या आधी जोडलेलं नाव) टाकलं, ते सगळ्यांना दिसतंय आणि टाकणाऱ्यालाच दिसत नाही.

हे नसेल आणि ४०४ किंवा ५०२ येत असेल तर इथं वेळ घालवू नका, ४०४ म्हणजे नाव सापडलं, सर्व्हरही सापडला, फक्त ते पान नाही. "कनेक्शन रिफ्यूज्ड" असं ब्राउझरने लिहिलं तर तेही डीएनएसचं रिफ्यूज्ड नव्हे, तिथं पत्ता मिळालेला आहे आणि समोरच्या मशीनने जोडणी घेतली नाही. ह्या दोन रिफ्यूज्डमध्ये लोक फार गोंधळतात.

कोड म्हणजे काय ते थोडक्यात

डीएनएसचं उत्तर येतं तेव्हा त्याच्या हेडरमध्ये ४ बिटांची एक जागा असते, तिथं उत्तराचा निकाल लिहिलेला असतो. ही व्यवस्था १९८७ सालच्या आरएफसी १०३५ ह्या इंटरनेटच्या नियमांच्या कागदातली आहे, आणि तेव्हा ठरलेले ० ते ५ हेच आकडे आजही रोज लागतात. ० म्हणजे नोएरर, १ फॉर्मएरर, २ सर्व्हफेल, ३ एनएक्सडोमेन, ४ नॉटइम्प, ५ रिफ्यूज्ड.

असं समजा की साखर पेठेत तुम्ही एखाद्याचं घर विचारताय. एकजण म्हणाला "ह्या नावाचं इथं कुणीच राहत नाही", हे एनएक्सडोमेन. दुसरा म्हणाला "मी दोन-तीन ठिकाणी विचारलं पण मला काय कळंना", हे सर्व्हफेल. तिसरा म्हणाला "तुम्हाला नाही सांगणार", हे रिफ्यूज्ड. आणि दारच उघडलं नाही तर तो टाइमआउट, त्याला कोडच नसतो कारण उत्तरच आलेलं नाही. ह्या चार गोष्टींची चार वेगवेगळी दुरुस्ती आहे. म्हणून मी सगळ्यांना सांगत असतो की मोडेम बंद-चालू करायच्या आधी कोड बघा, रीस्टार्टने कधीकधी लक्षण जातं आणि कारण तसंच राहतं, मग आठवड्याने परत तेच.

कोड कसा बघायचा

विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडा, इंग्रजीत एनएसलुकअप टाइप करा, स्पेस द्या, साईटचं नाव लिहा, शेवटी एक पूर्णविरामाचा टिंब द्या आणि एंटर. तो शेवटचा टिंब महत्त्वाचा आहे, नाहीतर ऑफिसच्या नेटवर्कमध्ये विंडोज नावापुढं स्वतःचं शेपूट जोडून भलतंच नाव विचारतं. उत्तरात नॉन एक्झिस्टंट डोमेन आलं तर कोड ३, सर्व्हर फेल्ड आलं तर २, क्वेरी रिफ्यूज्ड आलं तर ५. वरच्या ओळीत सर्व्हरपुढं "अननोन" दिसतं त्याला घाबरू नका, तुमच्या राउटरच्या आयपीला उलटं नाव नोंदलेलं नाही एवढाच त्याचा अर्थ. "नॉन ऑथॉरिटेटिव्ह आन्सर" हीसुद्धा एरर नाही, उत्तर कॅशमधून (आधीच्या साठवणीतून) किंवा मधल्या सर्व्हरकडून आलं इतकंच.

फक्त फोन असेल तर मोबाईल डेटावर डीएनएस डॉट गूगल ही साईट उघडून नाव टाका, उत्तरात स्टेटसपुढं आकडा येतो तोच कोड. लिनक्स किंवा मॅकवाल्यांनी डिग ही कमांड वापरावी, त्यात स्टेटस सरळ लिहून येतं.

क्रोममध्ये दिसणाऱ्या शब्दावर मात्र विसंबू नका. ब्राउझरला ऑपरेटिंग सिस्टिमकडून बऱ्याचदा फक्त "नाव मिळालं नाही" एवढंच कळतं, त्यामुळं आत सर्व्हफेल असलं तरी स्क्रीनवर एनएक्सडोमेन लिहून येऊ शकतं. खरा कोड एनएसलुकअपमध्येच बघायचा.

आता तपासण्या, फुकटच्या आधी

सगळ्यात आधी स्पेलिंग. हसू नका, एनएक्सडोमेनमध्ये हे पहिलं बघतो मी. डॉट इनच्या जागी डॉट कॉम, सीओ डॉट इनमधला सीओ गायब, व्हॉट्सअ‍ॅपवरून कॉपी केलेल्या लिंकला चिकटून आलेलं एखादं अक्षर. डॉट भारतचं देवनागरी डोमेन असेल तर आणखी बारकाईनं बघा, हे डोमेन २०१४ पासून मिळतंय आणि आतून ते एक्सएन डॅश डॅशने सुरू होणाऱ्या इंग्रजी अक्षरांत बदलून विचारलं जातं, त्यामुळं ऱ्हस्व-दीर्घ किंवा अनुस्वार इकडचा तिकडं झाला की डीएनएसच्या दृष्टीनं ते पूर्ण वेगळं नाव होतं.

मग दुसऱ्या नेटवर तेच नाव. फोनचं वायफाय बंद करून डेटावर बघा. दोन्हीकडं एनएक्सडोमेन असेल तर तुमचं मोडेम, केबल, पीसी निर्दोष आहेत, डोमेनकडं बघायचं. फक्त वायफायवर त्रास असेल तर गडबड घरात किंवा इंटरनेट देणाऱ्याकडं. एका मिनिटात अर्धं कोडं सुटतं आणि ह्याला पैसा लागत नाही, तरी लोक हे सोडून आधी नवीन राउटर घेऊन येतात, त्याचं मला खरंच वाईट वाटतं.

फोनवरच सगळं बंद असेल आणि बाकी घरात चालू असेल तर अँड्रॉइडमधलं प्रायव्हेट डीएनएस बघा. अँड्रॉइड ९ पासून ही सेटिंग आहे, जाहिराती बंद करायला कुणीतरी तिथं एखादं नाव टाकून देतं, तो सर्व्हर बंद पडला की फोनला एकही नाव सापडत नाही. ऑटोमॅटिक करा आणि बघा.

त्यानंतर पीसीची कॅश. आयपीकॉन्फिग, स्पेस, स्लॅश फ्लशडीएनएस. हे का, तर नुसती बरोबर उत्तरंच नाही, "असं नाव नाही" हे उत्तरसुद्धा साठवून ठेवलं जातं. १९९८ च्या आरएफसी २३०८ मध्ये त्याचे नियम आहेत, किती वेळ साठवायचं ते डोमेनच्या एसओए रेकॉर्डवरून (डोमेनची मूळ माहिती असलेल्या नोंदीवरून) ठरतं, म्हणजे एसओएचा स्वतःचा टीटीएल (साठवून ठेवायची मुदत) आणि त्यातला शेवटचा मिनिमम आकडा ह्या दोघांत जो लहान तो. नवीन सबडोमेन टाकणाऱ्यालाच ते दिसत नाही ह्याचं कारण बहुतेक वेळा हेच, रेकॉर्ड टाकायच्या आधी "बघू उघडतंय का" म्हणून त्याने ते नाव विचारलेलं असतं आणि तो नकार त्याच्या राउटरमध्ये, आयएसपीच्या (इंटरनेट देणाऱ्या कंपनीच्या) सर्व्हरमध्ये बसून राहतो. आयएसपीकडची कॅश तुमच्या फ्लशने जात नाही, तिथं थांबावंच लागतं. गूगलच्या ८.८.८.८ साठी आणि क्लाउडफ्लेअरच्या १.१.१.१ साठी मात्र त्यांच्या साईटवर एखाद्या नावाची कॅश काढायचं फुकट पान आहे. आणि पुढच्या वेळी आधी रेकॉर्ड टाका, मग उघडा.

आता राउटर. टाइमआउट येत असेल, किंवा प्रत्येक नावाला सर्व्हफेल येत असेल, तर इथं रीस्टार्टला अर्थ आहे. घरातलं राउटर स्वतः मधला माणूस म्हणून डीएनएसचे प्रश्न पुढं पाठवतं, ते काम अडकलं की चालू असलेल्या जोडण्या चालत राहतात आणि नवीन नावं सापडत नाहीत. उन्हाळ्यात लाईट जाऊन-येऊन असते तेव्हा आणखी एक प्रकार दिसतो, लाईट आल्यावर राउटरचं घड्याळ जुन्याच कुठल्यातरी तारखेला जातं, आणि राउटरमध्ये डीएनएससेक तपासणी (उत्तरावरची डिजिटल सही खरी आहे का ते बघणं) किंवा एन्क्रिप्टेड डीएनएस चालू असेल तर सह्यांच्या आणि सर्टिफिकेटच्या तारखा जुळत नाहीत म्हणून सगळीकडं सर्व्हफेल. राउटरच्या पानावर तारीख बघा, पीसीचीही बघा.

रिफ्यूज्ड आलं तर आधी हे विचारा की गेल्या काही दिवसांत इंटरनेट कंपनी बदलली का. दुकानांत हे फार होतं. जुन्या कनेक्शनवाल्याने बिलिंगच्या पीसीवर हाताने त्याचे डीएनएस आकडे टाकलेले असतात, केबल बदलली, आकडे तेच राहिले, आणि जुन्या कंपनीचा सर्व्हर आता तुम्हाला बाहेरचा समजून नकार देतो. त्याचं बरोबरच आहे, कुणालाही उत्तर देणारा उघडा सर्व्हर ठेवला की त्याचा वापर करून तिसऱ्यावर ट्रॅफिकचा भडिमार करतात, म्हणून चांगला चालवलेला सर्व्हर आपल्या ग्राहकांपुरताच असतो. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये डीएनएस ऑटोमॅटिक करा, झालं. ऑफिसात एखाद्याच पीसीवर त्रास असतो तोही बहुतेक ह्याच आकड्यांमुळं, नाहीतर होस्ट्स फाइलमध्ये (पीसीतली नाव आणि पत्ता हाताने लिहायची फाइल) कुणीतरी टाकून ठेवलेल्या जुन्या ओळीमुळं.

इथपर्यंत कुणालाही करता येतं. पुढचं साईट आणि मेलच्या मालकांसाठी आहे.

स्वतःच्याच डोमेनला एनएक्सडोमेन येत असेल

व्हूइज (डोमेनच्या नोंदणीची माहिती) काढा आणि दोनच गोष्टी बघा, एक्स्पायरीची तारीख आणि स्टेटस. स्टेटसमध्ये क्लायंट होल्ड किंवा सर्व्हर होल्ड असेल तर ते नाव वरच्या झोनमधून (डॉट कॉम, डॉट इनच्या यादीतून) काढलेलं असतं, तुमचा सर्व्हर कितीही धडधडत चालू असला तरी जगाला एनएक्सडोमेनच मिळणार. पैसे भरायचे राहिले हे एक कारण. दुसरं कारण लोकांना माहीतच नसतं, डॉट कॉमसारखं डोमेन नवीन घेतल्यावर ईमेल पडताळणीची लिंक येते, तिच्यावर १५ दिवसांत क्लिक केलं नाही तर रजिस्ट्रार (डोमेन विकणारी कंपनी) डोमेन थांबवू शकतो. स्पॅम फोल्डर बघा.

डॉट कॉम रिडेम्प्शनमध्ये (मुदत संपून काढल्यावर सोडवून घ्यायच्या काळात) गेलं असेल तर तो ३० दिवसांचा काळ असतो आणि सोडवून घ्यायला नेहमीच्या रिन्यूअलपेक्षा बराच जास्त पैसा लागतो. तेव्हा थांबू नका, त्याच दिवशी रजिस्ट्रारला फोन लावा. आणि कळकळीनं सांगतो, डोमेन तुमच्या नावावर आणि तुमच्या ईमेलवर ठेवा. साईट करून देणाऱ्या पोराच्या नावावर डोमेन, तो पुण्याला गेला, नंबर बदलला, आणि इकडं कारखान्याचे परदेशी ऑर्डरचे मेल बंद, असं मी बघितलंय. एका टॉवेलवाल्या अण्णांनी फोन केला, "काय ओ, मशीन चालू हाय, माल तयार हाय, पण पार्टीचा मेलच येईना की", तेव्हा काय बोलावं कळत नाही.

नोएरर आहे तरी चालत नाही

कोड ० म्हणजे सगळं ठीक असं नव्हे. नाव आहे पण विचारलेल्या प्रकारचं रेकॉर्ड नाही, तेव्हाही कोड ० च येतो आणि उत्तराची जागा रिकामी असते, ह्याला नोडेटा म्हणतात. साईट उघडते पण मेल येत नाही ह्यात हे नेहमी सापडतं, होस्टिंग बदलताना ए रेकॉर्ड (साईटचा पत्ता) टाकलं आणि एमएक्स टाकायचं राहिलं. एनएसलुकअपमध्ये टाइप एमएक्स देऊन विचारा. नव्या पद्धतीच्या पत्त्याचं, म्हणजे आयपीव्ही ६ चं क्वाड ए रेकॉर्ड नसणं मात्र चूक नाही, तिथं रिकामं उत्तर चालतं.

"कधी लागते कधी नाही" ह्याचं शोधायला अवघड असं एक कारण इथंच आहे. काही बिघडलेले नेमसर्व्हर (डोमेनच्या नोंदी ठेवून उत्तर देणारे सर्व्हर) किंवा त्यांच्यापुढचे फायरवॉल क्वाड ए विचारलं की रिकामं उत्तर द्यायच्या ऐवजी एनएक्सडोमेन देतात. एनएक्सडोमेनचा अर्थ त्या नावाचं कुठल्याच प्रकारचं रेकॉर्ड नाही असा होतो, मग मधला सर्व्हर तेच साठवतो आणि चांगलं असलेलं ए रेकॉर्डही थोडा वेळ मिळत नाही. कॅश संपली, परत लागली. म्हणून ए आणि क्वाड ए दोन्ही वेगवेगळे विचारून दोन्हींचा कोड बघा, एक ० आणि दुसरा ३ आला तर दोष नेमसर्व्हर चालवणाऱ्याचा, त्यालाच सांगा. दुसरं कारण साधं आहे, दोन नेमसर्व्हर नोंदलेले असतात आणि त्यातल्या एकावर जुनीच माहिती पडून असते. प्रत्येक नेमसर्व्हरला नाव घेऊन वेगळं विचारा, एनएसलुकअपमध्ये साईटच्या नावानंतर स्पेस देऊन त्याचं नाव लिहिलं की झालं.

सर्व्हफेल, ह्यात सगळ्यात जास्त वेळ जातो

सर्व्हफेल म्हणजे तुम्ही ज्याला विचारलं त्याला पुढून उपयोगी उत्तर मिळालं नाही, दोष त्याचाच असतो असं नाही. पहिली तपासणी: तेच नाव तीन वेगवेगळ्या सर्व्हरना विचारा, तुमच्या आयएसपीच्या, ८.८.८.८ च्या आणि १.१.१.१ च्या.

फक्त आयएसपीकडं सर्व्हफेल असेल तर त्यांना कळवा, तोवर दुसरा सर्व्हर वापरा. तिन्हीकडं असेल तर डोमेनचे नेमसर्व्हर बघा. होस्टिंगचं बिल थकलं, होस्टिंगवाल्याने झोन काढून टाकला, पण रजिस्ट्रारकडं नेमसर्व्हर तेच नोंदलेले, अशा वेळी तो नेमसर्व्हर मधल्याला रिफ्यूज्ड म्हणतो आणि मधला तुम्हाला सर्व्हफेल म्हणतो. म्हणून नेमसर्व्हरला थेट विचारायचं, खरा कोड तिथं मिळतो.

आणि आयएसपीवर उघडतंय पण ८.८.८.८ आणि १.१.१.१ वर सर्व्हफेल असेल तर माझा संशय सरळ डीएनएससेकवर जातो. हे दोघं सह्या तपासतात, न तपासणारा सर्व्हर मात्र आंधळेपणानं उत्तर देऊन टाकतो, त्यामुळं "माझ्याकडं तर चालतंय" असं दोघंही म्हणतात आणि दोघंही खरं बोलत असतात. खात्री करायला डिगमध्ये प्लस सीडी लावा, म्हणजे तपासणी न करता उत्तर दे असं सांगितलं जातं. नेहमीसारखं विचारल्यावर सर्व्हफेल आणि सीडी लावून बरोबर उत्तर, तर डीएनएससेकच. नव्या डिगमध्ये ईडीई नावाची जादा ओळही दिसते, २०२० च्या आरएफसी ८९१४ पासून आलेली, त्यात ६ म्हणजे तपासणीत खोटं ठरलं, ७ म्हणजे सहीची मुदत संपली, २२ म्हणजे एकही नेमसर्व्हर गाठता आला नाही. ही ओळ मिळाली तर बराच वेळ वाचतो.

होतं असं की डोमेनला डीएनएससेक लावलेलं असतं, कुणीतरी डीएनएस होस्टिंग दुसरीकडं हलवतं, आणि रजिस्ट्रारकडचं जुनं डीएस रेकॉर्ड (डीएनएससेकच्या किल्लीची नोंद) तसंच राहतं, मग नव्या सह्या जुन्या किल्लीशी जुळत नाहीत. बरोबर क्रम असा आहे की आधी डीएस काढायचं, त्याचा टीटीएल संपेपर्यंत थांबायचं, मग नेमसर्व्हर बदलायचे आणि शेवटी नवीन डीएस टाकायचं. डॉट कॉमला डीएसचा टीटीएल २४ तासांचा आहे, म्हणजे घाईत बदललं तर काही लोकांना दिवसभर साईट मिळणार नाही आणि मधे फोनवर कितीही ओरडलं तरी ते लवकर होणार नाही.

फॉर्मएरर आणि नॉटइम्प फार क्वचित दिसतात. जुनाट सर्व्हर किंवा फायरवॉल ईडीएनएस (डीएनएसची वाढीव पद्धत) समजत नाही तेव्हा फॉर्मएरर येतो, १ फेब्रुवारी २०१९ च्या डीएनएस फ्लॅग डेनंतर मोठ्या सर्व्हरांनी असल्या बिघाडांना सांभाळून घेणं सोडलं. उपाय एकच, फर्मवेअर अपडेट नाहीतर ती वस्तू बदला. फायरवॉलमध्ये पोर्ट ५३ यूडीपी आणि टीसीपी (डेटा पाठवायच्या दोन पद्धती) दोन्हींना मोकळं आहे का तेही बघा, मोठं उत्तर यूडीपीत मावलं नाही की टीसीपीवर विचारलं जातं, आणि टीसीपी बंद असेल तर फक्त मोठ्या उत्तरांची नावं अडकतात.

कुठं थांबायचं

६ ते १० मधले कोड, म्हणजे वायएक्सडोमेन, नॉटऑथ, नॉटझोन वगैरे, ऑफिसच्या सर्व्हरच्या लॉगमध्ये दिसले तर हात लावू नका, ते झोनमध्ये आपोआप होणाऱ्या बदलांशी संबंधित आहेत आणि ऑफिसात विंडोजचं डोमेन असेल तर चुकीच्या बदलानं सगळ्यांचं लॉगिन अडकू शकतं. डीएनएससेकच्या किल्ल्या, डीएस रेकॉर्ड, स्वतः चालवलेला नेमसर्व्हर, हे आधी कधी केलं नसेल तर माणूस बोलवा. डोमेन होल्डवर असेल तर स्थानिक टेक्निशियन काही करू शकत नाही, मालकाने स्वतः रजिस्ट्रारशी बोलायचं. आणि "डीएनएस दुरुस्त करतो" म्हणून कुणी अनोळखी माणूस स्क्रीन शेअर किंवा ओटीपी मागत असेल तर फोन ठेवून द्या, ह्यातल्या कुठल्याही तपासणीला तुमचा बँकेचा ओटीपी लागत नाही.

माणूस बोलवला तर त्याला "नेट बंद आहे" एवढंच सांगू नका. पूर्ण नाव, किती वाजता विचारलं, तिन्ही सर्व्हरकडून काय कोड आला, वायफायवर आणि डेटावर काय फरक आहे, अलीकडं काय बदललं, हे फोटोसकट पाठवा. तो काम करत असताना मधे सेटिंग बदलू नका, कारण प्रत्येक बदलानंतर कॅश संपायची वाट बघावी लागते आणि दोघांनी दोन बदल केले तर कशानं सुटलं ते कळत नाही.